फोनवर स्पेलिंग कसं सांगायचं: "बी का डी?" ची भानगड मिटवायची पूर्ण पद्धत

कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, म्हणजे उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांचं दिवसभर फोनवर काम असतंय त्यांना वेगळं सांगायला नको. पार्टचा कोड, गाडीचा नंबर, जीएसटी नंबर, ईमेल आयडी असलं काहीही तोंडी सांगायची वेळ आली की "बी... नाही ओ, डी, डी" सुरू होतंय, इकडं मागं लेथ चालू, तिकडं हायवेवर हॉर्न, आणि शेवटी एकजण वैतागून म्हणतो "व्हॉट्सअपला टाका की". टाकता येत असेल तर टाकाच, त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण समोरच्याकडं साधा फोन असतोय, ड्रायव्हर ताडपत्री बांधत असतोय, नेट गेलेलं असतंय, नाहीतर कस्टमर केअरवाला फक्त बोलूनच माहिती घेतोय, मग तोंडीच सांगावं लागतंय. त्यासाठी जगभर एक ठरलेली पद्धत आहे. विमानवाले, जहाजवाले, लष्कर, हॅम रेडिओवाले (हौसेनं वायरलेस चालवणारे) सगळे तीच वापरतात, आणि ती आपल्या धंद्यात आणि घरात तेवढीच उपयोगी पडते. मी डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या टेबलावर बसतो, माझं निम्मं काम फोनवरच, म्हणून जे रोज कामाला येतंय तेवढंच इथं लिहितोय.

घोळ नक्की कुठं होतो

इंग्रजी अक्षरांची नावं जरा मोठ्यानं म्हणून बघा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. सगळ्यांची शेपटी "ई". नुसती सुरुवात वेगळी, आणि ती सुरुवात एवढी बारीक असते की आवाज थोडा दबला तरी नुसती "ई" च ऐकू येते. दुसरा गट ए, जे, के. तिसरा गट त्रासदायक, एफ, एल, एम, एन, एस, एक्स, इथं सुरुवात सारखी आणि फरक शेवटी. एम आणि एन हे तर शांत खोलीत समोरासमोर बसून पण चुकतात.

एस आणि एफ ची गोष्ट वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या फोन लाईनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. "स्स" आणि "फ्फ" यातला जो फरक आपल्या कानाला कळतो तो बराचसा त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे तो फरक लाईनवर कापलाच जातो. त्यामुळं तुम्ही कितीही ओरडून "एस, एस" म्हणा, समोर पोचतंय ते अर्धवटच. आता नवीन फोनवर, चांगल्या नेटवर्कला आवाज बराच स्वच्छ येतो, पण दोन्हीकडं तसा फोन आणि तसं नेटवर्क पाहिजे.

म्हणून अक्षराऐवजी अख्खा शब्द सांगायचा. शब्द लांब असतो, त्यातला एखादा तुकडा गेला तरी उरलेल्यावरून कळतो.

तयार यादी आहे, नवीन बनवू नका

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात "एबल, बेकर, चार्ली" अशी यादी होती. युद्धानंतर सगळ्या देशांची विमानं सगळीकडं जायला लागली, तेव्हा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना तिन्हींना म्हणता येतील आणि ओळखू येतील असे शब्द पाहिजेत म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, त्यावर रीतसर काम करून घेतलं आणि १९५१ ला नवीन यादी लागू केली. त्यात सी ला "कोका", एम ला "मेट्रो", एन ला "नेक्टर", यू ला "युनियन", एक्स ला "एक्स्ट्रा" असे शब्द होते. वापरताना लक्षात आलं की नेक्टर आणि व्हिक्टर एकसारखे ऐकू येतात, डेल्टा आणि एक्स्ट्रा पण. मग परत चाचण्या, परत बदल, आणि १ मार्च १९५६ पासून जी यादी लागू झाली तीच आजपर्यंत चालू आहे. एवढी घासून पुसून तयार झालेली यादी असताना आपण फोनवर जागच्या जागी शब्द शोधत बसायचं कशाला? ही घ्या:

ए अल्फा, बी ब्राव्हो, सी चार्ली, डी डेल्टा, ई एको, एफ फॉक्सट्रॉट, जी गोल्फ
एच हॉटेल, आय इंडिया, जे ज्युलिएट, के किलो, एल लिमा, एम माईक, एन नोव्हेंबर
ओ ऑस्कर, पी पापा, क्यू क्यूबेक, आर रोमिओ, एस सिएरा, टी टँगो, यू युनिफॉर्म
व्ही व्हिक्टर, डब्ल्यू व्हिस्की, एक्स एक्सरे, वाय यँकी, झेड झुलू

आय ला आपला इंडिया आहे हे बघून बरं वाटतं. एक सूचना: क्यूबेकचा अधिकृत उच्चार "केबेक" असा आहे, पण आपल्याकडं तो ऐकून माणूस सरळ "के" लिहितो. विमान चालवायचं नसेल तर "क्यूबेक" च म्हणा.

पाठ कसं करायचं

सव्वीस शब्द एका दमात पाठ करायला बसू नका, कंटाळा येऊन सोडून द्याल. आधी स्वतःला जे रोज सांगावं लागतं तेवढंच घ्या. स्वतःचं आडनाव, कंपनीचं नाव, कंपनीचा पॅन, ईमेल आयडी. एवढ्यातच निम्मी अक्षरं होऊन जातात. आडनाव पाटील असेल तर "पापा अल्फा टँगो इंडिया लिमा", हे दिवसातून पाच सहा वेळा मोठ्यानं म्हणायचं. मोठ्यानं म्हणजे खरंच मोठ्यानं, मनात म्हणून जीभ वळत नाही.

मग गाड्यांचे नंबर. तावडे हॉटेलपाशी किंवा कावळा नाक्याला सिग्नलला थांबलात की समोरच्या गाडीची पाटी वाचायची. "माईक हॉटेल झिरो नाईन" हे तर कोल्हापुरात दर दोन मिनिटाला मिळणार. बेळगावकडच्या गाड्या "किलो अल्फा टू टू", चिकोडीच्या "किलो अल्फा टू थ्री", गोव्याची आली की "गोल्फ अल्फा". पुढची सिरीजची अक्षरं दर गाडीला वेगळी, त्यामुळं आपोआप सगळ्या अक्षरांचा सराव होतो. कोल्हापूर रेल्वे स्टेशनचा कोड "किलो ऑस्कर पापा", उजळाईवाडी विमानतळाचा "किलो लिमा हॉटेल". बरोबर पोरं असतील तर त्यांना लावा कामाला, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

उलट बाजूचा सराव पण करा, तो बरेचजण विसरतात. शब्द ऐकून अक्षर लिहिणं हे वेगळं काम आहे. कुणालातरी वाचायला लावा आणि तुम्ही कागदावर लिहा. "सिएरा" ऐकल्यावर हात न थांबता एस लिहिला गेला की झालं.

समोरच्याला यादी माहीतच नसेल तर

हे तर रोजचंच. मार्केट यार्डातल्या अडत्याला "फॉक्सट्रॉट" म्हटलं तर तो म्हणणार "काय ट्रॉट?". चिडायचं नाही, यादी समोरच्यासाठी असते. अशा वेळी आपल्या भागातले शब्द घ्यायचे, पण ते सुद्धा आधी ठरवून, लिहून, दरवेळी तेच. आमच्या टेबलावर ही यादी चालते:

अकोला, बारामती, चंद्रपूर, दिल्ली, एलिफंट, फुटबॉल, गोवा, हातकणंगले, इंडिया, जयसिंगपूर, कोल्हापूर, लातूर, मिरज, नागपूर, ऑइल, पन्हाळा, क्वीन, रत्नागिरी, सांगली, तासगाव, युनिफॉर्म, व्हिडिओ, डब्ल्यूला काही नाही, एक्सरे, यवतमाळ, झेब्रा.

डब्ल्यूला शब्द का नाही, तर "डब्ल्यू" हे नावच एवढं लांब आणि वेगळं आहे की ते दुसऱ्या कशासारखं ऐकू येत नाही. उलट आपण त्याला गावाचं नाव द्यायला गेलो तर गोंधळ वाढतो, कारण मराठीत "व" एकच आणि इंग्रजीत दोन. "वारणेचा" म्हटलं तर कोण व्ही लिहील कोण डब्ल्यू, दोन्ही पाट्या आपण बघितल्यात. असलेच अजून काही सापळे आहेत. फलटणचं स्पेलिंग पी पासून सुरू होतंय, म्हणून एफ ला फलटण कधीच नको, फुटबॉल घ्या, कोल्हापुरात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. झाशी जे पासून लिहितात, म्हणून झेडला झाशी नको. "इंजिन" ई पासून, पण ऐकणारा आय लिहून मोकळा होतो. एस ला सांगली ठरवलं तर सांगलीच, एकदा सांगली एकदा सातारा करू नका, ऐकणाऱ्याला वाटतं दोन वेगळी अक्षरं आहेत का काय.

आता "फॉर" बद्दल, हा मुद्दा नीट बघा. आपल्याला शाळेपासून "बी फॉर बॉल" ची सवय. नुसतं नाव सांगताना ते चालतं. पण कोडमध्ये आकडे पण असतील तर "बी फॉर बारामती" मधला "फॉर" समोरचा ४ म्हणून लिहून घेतो. बी, चार, बी असं कागदावर उतरतं आणि चूक माल आल्यावरच कळते. यावर मराठीत लई सोपा उपाय आहे, "बारामतीचा बी, मिरजेचा एम, नागपूरचा एन" असं म्हणायचं. शब्द आधी आला, अक्षर मागनं आलं, "फॉर" मधनं गेलाच. आंतरराष्ट्रीय यादी वापरत असाल तर अक्षर सुद्धा म्हणायची गरज नाही, नुसतं "ब्राव्हो" पुरे.

माल बेळगाव, हुबळी, राजकोट, कोइमतूरला जातो किंवा तिकडनं येतो तेव्हा मात्र अल्फा ब्राव्होवरच या. तिकडच्या माणसाला हातकणंगले काय माहीत. यादी पाठ नसली तरी "डेल्टा", "हॉटेल", "किलो" हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात, तो पहिलं अक्षर बरोबर पकडतो.

आकडे

अक्षरांपेक्षा आकड्यांत जास्त नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अक्षर कळलं नाही तर माणूस परत विचारतो, आकडा चुकीचा कळला तरी त्याला वाटतं आपल्याला कळला.

मराठीतले जोडआकडे फोनवर सांगूच नका. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, हे सगळे "एकोण" नं सुरू होतात आणि शेवट गिळला गेला की दहाचा फरक पडतो. त्रेसष्ट आणि पासष्ट, पंचावन्न आणि छप्पन्न, सत्तावन्न आणि अठ्ठावन्न, तसंच. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सगळं कोल्हापूर एकमेकाला फोनवर विचारत असतं, तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. "एकोणचाळीस" आणि "एक्केचाळीस" यात ऐकण्यात गल्लत झाली तर इशारा पातळीवरचं पाणी दोन फूट वर गेलेलं समजून माणूस घाबरा होतो. म्हणून "एकोणचाळीस, म्हणजे तीन नऊ" असं दोन्ही सांगायचं. नुसता नंबर असेल तर सरळ एकेक आकडा.

"डबल" आणि "ट्रिपल" पण टाळा. "डबल वन टू" म्हणजे ११२ हे सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणारा कधी १२१२ लिहितो. "वन वन टू" म्हणायला किती वेळ लागतोय? रेडिओवर तर इंग्रजी आकड्यांचे उच्चार पण मुद्दाम बदललेत, थ्रीला "ट्री", फोरला "फोवर", फाईव्हला "फाईफ", नाईनला "नाईनर", कारण फाईव्ह आणि नाईन खरखरीत लाईनवर एकसारखेच येतात. आपल्याला "नाईनर" म्हणायची गरज नाही, इंग्रजीत नाईन म्हटल्यावर पुढं "नऊ" जोडलं तरी काम होतं.

शून्याला "ओ" म्हणायचं नाही, कधीच नाही. झिरो नाहीतर शून्य.

लांब नंबर तोडून सांगायचा. मोबाईलचे पाच आणि पाच. ई-वे बिलाचे (माल वाहतुकीच्या ऑनलाईन परवान्याचे) बारा आकडे चार, चार, चार. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं, समोरून "हं" आलं की पुढं.

नंबरचा सांगाडा माहीत असला की निम्म्या चुका तिथंच पकडता येतात

पॅनमध्ये दहा जागा: आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर कुणाचा पॅन आहे ते सांगतं, माणसाचा असेल तर पी, कंपनीचा असेल तर सी, भागीदारी फर्मचा असेल तर एफ. माणसाचा असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणजे कुणा शिंद्यांचा पॅन घेताना पाचवं अक्षर एफ ऐकू आलं तर ते एस असणार, लगेच विचारून घ्या.

जीएसटी नंबर पंधरा जागांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढचे दहा म्हणजे तोच पॅन. मग एक जागा, चौदाव्या जागेवर साधारणपणे झेड असतो, आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर किंवा आकडा. चौदाव्या जागेवर तुम्हाला "जे" ऐकू आलं तर तो झेडच समजून खात्री करा. सांगताना दोन, पाच, चार, एक, तीन असे तुकडे करायचे, जिथं अक्षरांतून आकड्यांत जातो तिथंच थांबा येतो.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा जागांचा, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागेवर कायम शून्य, ओ नाही. चॅसी नंबर सतरा जागांचा, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणून गोल दिसला की शून्य. गाडीच्या सिरीजमध्ये पण आय आणि ओ सहसा देत नाहीत.

फोनवर प्रत्यक्ष कसं बोलायचं

मशीनपासून लांब या. स्पीकर बंद करा, फोन कानाला लावा. ओरडू नका, ओरडलं की माईकवर आवाज फाटतो. समोरच्याकडं पेन आहे का हे आधी विचारा, निम्मा नंबर सांगून झाल्यावर "थांबा पेन बघतो" झालं की सगळं पहिल्यापासून. मग काय सांगणार आहे आणि किती लांब आहे ते सांगा, म्हणजे एखादं अक्षर गळलं तर त्याला मोजून कळतं.

"मामा, पार्टचा कोड सांगतोय, सहा जागा आहेत. लिहा."
"हं, सांगा."
"बारामतीचा बी. दिल्लीचा डी. पाच, फाईव्ह."
"बारामती, दिल्ली, पाच. पुढं?"
"पन्हाळ्याचा पी. नऊ, नाईन. मिरजेचा एम. संपला. आता तुम्ही वाचा."
"बारामती, दिल्ली, पाच, पन्हाळा, नऊ, नागपूर."
"शेवटचं चूक. मिरज. मिरजेचा एम."
"मिरज. बारामती, दिल्ली, पाच, पन्हाळा, नऊ, मिरज."
"बरोबर."

यात दोन गोष्टी बघा. एक, वाचून दाखवणारा बी, डी म्हणत नाही, बारामती, दिल्ली म्हणतो. त्यानं "बी डी पाच पी" वाचलं असतं तर आपल्याला परत तोच घोळ, तो बी म्हणतोय का डी हे आपल्यालाच कळलं नसतं. दोन, दुरुस्ती झाल्यावर त्यानं पूर्ण परत वाचला, नुसता शेवट नाही. लोकांना हे परत वाचणं अपमानासारखं वाटतं, "कळलं ओ मला" म्हणतात. तेव्हा "माझ्यासाठी एकदा वाचा, मीच नीट सांगितलं का बघतो" म्हणायचं, मग कुणी नाही म्हणत नाही. मी तर म्हणेन वेळ कमी असेल तर शब्दांची यादी सोडा पण परत वाचून घेणं सोडू नका. ई-वे बिलात गाडीच्या नंबरचं एक अक्षर चुकलं तर गाडी रस्त्यात अडकते, आणि तो ताप ड्रायव्हरला होतो.

सांगताना तुमचंच चुकलं तर "चूक, परत सांगतो" एवढंच म्हणायचं आणि तो तुकडा पहिल्यापासून. मधेच "नाही नाही ते नाही" केलं तर नक्की काय खोडायचं तेच समोरच्याला कळत नाही.

मराठी नावं

नाव देवनागरीत लिहायचं असेल, लग्नपत्रिका, सातबारा, बॅनर, तर अल्फा ब्राव्होचा काही उपयोग नाही. तिथं आपली बालवाडीतली मुळाक्षरं आहेतच: क कमळाचा, ग गणपतीचा, घ घराचा, ध धनुष्याचा, भ भटजीचा, ण बाणाचा, ळ बाळाचा, श शहामृगाचा, ष पोटफोड्या. घाटगे आणि गाडगे फोनवर चुकणारच, तिथं "घराचा घ, टरबुजाचा ट" म्हटलं की विषय संपला. माळी आणि माली, बाणाचा ण आणि नळाचा न, हे पण तसंच.

तेच नाव इंग्रजीत लिहायचं असेल तर नाव सांगून थांबू नका, अक्षरं सांगाच. चव्हाण तीन चार तऱ्हेनं लिहितात, सावंतात व्ही आहे का डब्ल्यू ते माणसागणिक बदलतं, घाटगे मध्ये टी नंतर ए लिहितात किंवा लिहीत नाहीत. आधारवरचं स्पेलिंग समोर धरून सांगायचं.

ईमेल सांगताना "ॲट द रेट" आणि "डॉट" सगळ्यांना कळतं, पण अंडरस्कोर आणि डॅशमध्ये लोक चुकतात, तिथं "खाली असलेली रेघ" आणि "मधली रेघ" म्हणा. सगळी अक्षरं लहान आणि मधे जागा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

काय सांगायचंच नाही

ओटीपी, एटीएम पिन, यूपीआय पिन, कार्डमागचा तीन आकडी नंबर. कुणी कितीही गोड बोलून, कितीही साहेबी आवाजात मागितलं तरी नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना स्पेलिंगची ही पद्धत शिकवताना हे पण त्याच दिवशी शिकवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा, आणि तिथं मात्र ट्रान्झॅक्शन नंबर एकेक आकडा करून सांगायचा आणि परत वाचून घ्यायचा, कारण पैसे पुढं सरकायच्या आत थांबवायचे तर तो नंबर पहिल्यांदाच बरोबर जायला पाहिजे.